आजोबांचा सुळा कोणत्या बाजूला होता

रस्त्यावरून जाताना दातांच्या दवाखान्याची मोठी काच लागते. काचेमागे एक टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा, दिव्याखाली बिजागरीचा लोखंडी जबडा आणि त्या जबड्यावर दिव्यापेक्षा जास्त वाकलेले माझे आजोबा. हे दृश्य मी जन्मल्यापासून असंच आहे आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे तीही जन्मल्यापासून असंच आहे. आजोबा कवळ्या बनवतात. डॉक्टर माणसाच्या हिरड्यांचा ठसा घेतात, ठशावरून प्लास्टरचा साचा निघतो, साचा आजोबांकडे येतो आणि आजोबा गुलाबी मेणात एकेक दात उभा करत जातात. मग मेण जातं, त्या जागी कडक गुलाबी हिरडी येते, आणि कुणीतरी एक माणूस पुन्हा गाजर खायला लागतो.

सगळा रस्ता त्यांना बत्तीशीकाका म्हणतो. हे नाव पडलं तेव्हा त्यांच्या तोंडात खरोखरच दात होते. पुढे हिरड्यांनी दगा दिला, दवाखान्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते एकेक करून काढले, आणि शेवटचा गेला तरी नाव काही गेलं नाही. तेव्हापासून तोंडाचं पार बोळकं झालेला एक माणूस भर रस्त्यात, उजेडात, काचेत बसून लोकांचे दात बनवतोय, आणि रस्त्याला त्यात काहीही विचित्र वाटत नव्हतं. सवयीने माणूस कशालाही सरावतो, रस्ताही सरावतो.

आजोबांना माणसांची नावं आठवत नाहीत, तोंडं आठवतात. तोंड म्हणजे चेहरा नव्हे, आतलं. लग्नाकार्यात कुणी वाकून नमस्कार केला की ते आजीच्या कानात विचारतात, कोण गं ही, आणि आजीने सांगितलेलं नातं त्यांच्या डोक्यात शिरत नाही. मग ती बाई हसते आणि आजोबांचा चेहरा उजळतो. अच्छा, अरुंद टाळूवाली होय. असं म्हणून वर तिलाच विचारतात, खालची बसली का नीट, टोचत नाही ना. ती बाई नवऱ्यापासूनही कवळी लपवत आलेली असते. आजीने या एका कारणापायी कितीतरी लग्नांतून जेवायच्या आधी काढता पाय घेतला आहे.

दात नसल्यामुळे आजोबांचं बोलणं म्हणजे ओल्या कागदात गुंडाळून दिलेलं सामान. शब्द पोचतो, पण त्याच्या कडा मऊ झालेल्या असतात. ‘स’ आला की सोबत वारा येतो. ‘त’ म्हणायचा असला की जीभ दाताला टेकायला जाते, तिथे दात नसतो, ती पुढे बाहेरच येते आणि ओशाळून परत फिरते. समोरचा चावीवाला, जो रस्त्यापलीकडे खोक्यात बसून किल्ल्या घासतो, तो मात्र आजोबांशी दिवसभर गप्पा मारतो. काचेतून आवाज जात नाही, तेव्हा दोघंही हातवारे करतात. चावीवाला भुवया उडवतो, म्हणजे आज कुणाचं तोंड, काय? (त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘काय’ असतो, हातवाऱ्यांतही असतो.) आजोबा गाल फुगवून दाखवतात, म्हणजे मोठ्या जबड्याचं. तेवढ्यात शाळेची मुलं जातात, ती काचेला नाक लावतात, आजोबा त्यांच्या दिशेने लोखंडी जबडा उघडझाप करतात. मग भाजीवाली, मग पोस्टमन, मग कुत्र्याला फिरवणारे रिटायर्ड साहेब. प्रत्येकाला एक हात वर, प्रत्येकाचा एक हात वर. आजोबांचा पगार डॉक्टर देतात, पण ते कामावर जातात ते या हातांसाठी, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

स्वतःची कवळी का करत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. करतो की, आधी लोकांच्या होऊ देत. आजीने या उत्तरावर वर्षानुवर्षं गाजरं उकडली, बटाटे कुस्करले, ब्रेड दुधात बुडवला. तिचे स्वतःचे सगळे दात शाबूत आहेत आणि ही गोष्ट ती अशा वाक्यांतही सांगते ज्यांचा दातांशी काही संबंध नसतो. आज वीज येणार नाही म्हणे, माझे सगळे दात शाबूत आहेत बाई, मला काय अंधारात. संध्याकाळी ती आजोबांच्या समोर बसून भाजलेले शेंगदाणे खाते. कुडुम, कुडुम, कुडुम. आजोबा वर्तमानपत्र उंच धरतात.

सगळं असं सुखाने चाललेलं असताना म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी दवाखान्यात बसायला लागली. आजोबांनी तिला दुधाच्या दातांपासून पाहिलेलं. त्यामुळे तोंडातून आधी ‘बाळ’ निघायचं, मग जीभ चावून ‘डॉक्टर’, म्हणजे जीभ हिरड्यांत दाबून. धाकट्या डॉक्टर अगदी गोड स्वभावाच्या. वाईट बातमी सांगायची असली की त्या ‘बघा ना’ने सुरुवात करतात. बघा ना, ही दाढ काही वाचत नाही. बघा ना, थोडं दुखेल हं. तर पहिल्याच आठवड्यात त्या आजोबांच्या टेबलाशी आल्या, हाताची घडी घातली आणि म्हणाल्या, बघा ना काका.

आजोबांनी चिमटा खाली ठेवला.

मुद्दा असा होता की काच ही दवाखान्याची तोंडओळख. लोक बाहेरून बघतात. बघतात तर कवळी बनवणाऱ्याच्याच तोंडात कवळी नाही. त्यांना काय वाटेल? एक तर इथल्या कवळ्या चांगल्या नाहीत, नाहीतर त्या इतक्या महाग आहेत की बनवणाऱ्यालाही परवडत नाहीत. तेव्हा काकांनी या महिनाअखेरीपर्यंत तोंडात दात घालावेत. नसतील घालायचे तर हरकत नाही, मागच्या खोलीत छान जागा आहे.

मागच्या खोलीत पाण्याचा पंप, जुने साचे ठेवलेली मांडणी आणि भिंतीकडे तोंड करून असलेली एक खिडकी आहे. भिंत शेजारच्या इमारतीची. तिच्यावर एक पाइप आहे. पाइपाला हात वर करून दाखवायची सोय नाही.

आजोबा घरी आले आणि जेवले नाहीत. म्हणजे बटाटा तोंडात घालून नुसतेच बसले. आजीने विचारल्यावर सगळं सांगितलं. आजीने एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि म्हणाली की त्या पोरीचं भलं होवो.

पहिल्या कवळीसाठी आजोबांनी आयुष्यभराची कारागिरी पणाला लावली. ठसा धाकट्या डॉक्टरांनी घेतला, पण तोंडात ठशाचा लगदा भरलेला असतानाही आजोबा त्यांना सूचना देत राहिले आणि त्या ‘हो काका, हो काका’ म्हणत राहिल्या. दोघांनाही दुसऱ्याचं काही कळलं नसावं, कारण ठसा उत्तम आला. मग आजोबांनी दवाखान्यातले सगळ्यात उजळ दात निवडले आणि असे लावले की पट्टी टेकवून बघावं. इकडचा तिकडच्यापेक्षा केसभरही खाली नाही. पूर्ण झाली तेव्हा त्यांनी ती दिव्याखाली धरली, आणि चावीवाल्याने पलीकडून दोन्ही अंगठे वर केले.

त्या संध्याकाळी आजोबांनी ती तोंडात घातली, कॉलर नीट केली आणि घराची बेल वाजवली. एरवी ते बेल वाजवत नाहीत, किल्लीने येतात. दातच तसे होते, बेल वाजवणारे.

आजीने दार अर्धं उघडलं, वरून खाली बघितलं आणि म्हणाली,

“ते घरी नाहीत.”

आणि दार लावलं.

नंतर ती शपथेवर सांगत होती की तिला विम्याचा माणूस वाटला. ओळखीचा वाटला, पण विम्याचे सगळेच ओळखीचे वाटतात. आजोबा पुन्हा बेल वाजवून आत आले, तर बोलायलाही विम्याच्या माणसासारखेच लागले. प्रत्येक शब्द धुऊन, इस्त्री करून. पाणी दिलं तर ‘धन्यवाद’ म्हणाले. या घरात पाण्यासाठी धन्यवाद पहिल्यांदाच उच्चारलं गेलं, आणि आजी इतकी दचकली की तिने रिकामा पेला पुन्हा भरून आणला. आजोबाही स्वतःवर दचकत होते. बेसिनशी गेले, आरशात बघितलं, आणि तिथे जो कोणी होता त्याच्याकडे बघून त्यांनी किंचित मान लववली. जेवताना आजी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. परक्या पुरुषासमोर आपल्याला घास उतरत नाही, असं म्हणाली.

तरी दुसऱ्या दिवशी ते तेच दात घालून काचेत बसले. डॉक्टर खूश झाल्या. पण शाळेची मुलं काचेला नाक न लावताच गेली. भाजीवालीने बघून न बघितल्यासारखं केलं. कुत्रा थांबला, साहेबांनी त्याला ओढलं. आजोबांनी हात वर केला की लोक मागे वळून बघत, हा कुणाला हात करतोय. दुपारी चावीवाला खोकं सोडून चक्क रस्ता ओलांडून आला आणि दारातून आत डोकं घालून आजोबांनाच विचारता झाला, अहो, ते आमचे काका कुठे गेले, बरे आहेत ना, काय?

म्हणजे काच राहिली आणि माणूस गेला. आजोबांनी तिथल्या तिथे कवळी काढून पाण्याच्या भांड्यात टाकली. चावीवाला ओरडला, अरे, हे काय, आलात की!

दुसरी कवळी त्यांनी मुद्दाम साधी करायची ठरवली. दात जरा बुटके, जरा पिवळसर, वयाला शोभतील असे. डोळे मिटून हात सोडला, की हातालाच माहीत असेल काय हवंय. इथेच घोटाळा झाला. हात सोडला की हात त्याच्या आधी केलेल्या कामाच्या वाटेने जातो, आणि त्याच्या आधी आजोबांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी केली होती. नवी कवळी घातली तशी आजोबांची मान ताठ झाली. हनुवटी वर गेली. ओठांचे कोपरे खाली गेले. धाकट्या डॉक्टर जवळून चालल्या होत्या, त्यांनी नकळत हातातला मोबाइल खिशात ठेवला.

आणि त्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाई आपली कवळी घासून घ्यायला आल्या.

या बाई स्वतःच प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात, वर्गाला संधीच नसते. त्या खुर्चीवर बसल्या. हे काय आहे? ही माझी कवळी आहे. ती कुठे लागते? ती डावीकडे लागते. आजोबांनी ऐकून घेतलं आणि धीर द्यायला हसले. बाईंनी ते हसू बघितलं. त्यांच्याही तोंडात तेच हसू होतं. समोरासमोर एकच हसू दोघांच्या चेहऱ्यांवर, आणि दोघंही ते एकदम मागे घेऊ शकत नव्हते, कारण कवळी मागे घेता येत नाही. आजोबा सांगतात, एवढ्या वर्षांत मला कुणाची भीती वाटली नाही, त्या दिवशी माझीच वाटली.

बाईंना वाटलं आजोबा त्यांची नक्कल करतायत. मी तिथे असते तर म्हटलं असतं की नक्कल एवढी हुबेहूब होतच नाही, पण ते असो. बाईंनी आवाज अजिबात चढवला नाही.

“काढा,” त्या म्हणाल्या. “टेबलावर ठेवा.”

आजोबांनी काढली. टेबलावर ठेवली. बाईंनी रुमालात गुंडाळून ती पर्समध्ये टाकली, पर्स बंद केली, आणि सुधारणा दिसल्यावर परत मिळेल असं सांगून निघून गेल्या. स्वतःची घासून घ्यायचंही विसरल्या. आणि आजोबा, ज्यांना शाळा सोडून उभा जन्म लोटला होता, ते मान खाली घालून बरं म्हणाले.

महिना संपत आला होता. धाकट्या डॉक्टरांनी मागच्या खोलीतली मांडणी पुसून घेतली. एक नवा बल्बही लावला. बघा ना काका, किती उजेड आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणत होत्या, हेच वाईट होतं.

त्या रविवारी आजोबा खुर्चीत बसून बसून म्हणाले की जगातल्या प्रत्येकाचं तोंड मला करता येतं, फक्त माझं येत नाही. आजी शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता म्हटलं की तुमचं कुठे तसं सरळ होतं, तुमचा एक सुळा होता ना पुढे आलेला.

आजोबांची जीभ वरच्या हिरडीवरून फिरली. सुळा. खरंच होता. वरच्या रांगेतला एक सुळा शेजाऱ्यांना रेटून पुढे येऊन उभा राहिलेला, बसस्टॉपवरच्या घाई झालेल्या माणसासारखा. दात बनवणाऱ्याचा दातच वाकडा, याची आजोबांना तेव्हा इतकी लाज वाटे की ते कुठल्याच फोटोत हसलेले नाहीत. आमच्या अल्बममध्ये आजोबा स्वतःच्या लग्नातही तोंड मिटून उभे आहेत, जणू तिथे त्यांना कुणी बळजबरीने आणलंय. आणि दात काढण्याआधी जो ठसा ते प्रत्येक गिऱ्हाइकाचा न चुकता घ्यायला लावत, तो स्वतःचा त्यांनी घेऊ दिला नव्हता. नको ती आठवण, म्हणाले होते. म्हणजे त्यांचं खरं तोंड जगात कुठेच शिल्लक नव्हतं.

पण सुळा त्यांना आठवला. ते तसेच उठले, दवाखान्याची किल्ली घेतली, आणि संध्याकाळी परत आले ते तिसरी कवळी तोंडात घालूनच. ती अजून मेणाची होती. मेणातली कवळी घालून रस्त्याने चालायचं नसतं, बोलायचं नसतं, गरम तर काही प्यायचंच नसतं. धंद्याचे सगळे नियम मोडून ते दारात उभे राहिले आणि आजीसाठी सावकाश, जपून हसले.

आजी बराच वेळ बघत राहिली. मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे.

“जवळजवळ,” ती म्हणाली.

जवळजवळ म्हणजे काय? तर म्हणे तुमच्यासारखेच दिसताय, पण तुम्ही नाही. तुमचा भाऊ असता तर असा दिसला असता. आजोबांना भाऊ नाही. आजी म्हणाली, असता तर.

मग तिला उमगलं. सुळा चुकीच्या बाजूला होता.

आता जे भांडण झालं ते मी उंबरठ्यावर बसून ऐकलं आणि अजूनही दोन्ही आवाजांत जसंच्या तसं करून दाखवू शकते. आजी म्हणाली, सुळा उजवीकडे होता. आजोबा मेण सांभाळत, ओठ न हलवता म्हणाले, डावीकडे होता. आजी म्हणाली, माझ्या उजव्या हाताला होता, म्हणजे तुमच्या डाव्या. आजोबा म्हणाले, तेच तर सांगतोय, डावीकडे, डावीकडेच लावलाय. आजी म्हणाली, तो तुम्ही उजवीकडे लावलाय. कुणाच्या उजवीकडे? तुमच्या. मग तुझ्या डावीकडे झाला की. झाला, आणि मी म्हणतेय तो माझ्या उजवीकडे होता. म्हणजे माझ्या डावीकडे. हो. मग मी काय म्हणतोय?

दोघंही दमून बसले. मग आजोबा बेसिनच्या आरशाशी गेले. आरशात सुळा उजवीकडे दिसत होता. कुणीही म्हणालं असतं की झालं, चूक कळली. आजोबा म्हणाले की आरसा उलटं दाखवतो, म्हणजे तो डावीकडेच आहे.

झालं होतं असं, की आजोबांनी स्वतःचा सुळा जन्मात फक्त आरशातच पाहिला होता, आणि आरशात तो त्यांना डाव्या हाताला दिसे. टेबलावरचा जबडा मात्र समोरून बघायचा असतो, समोरच्या माणसासारखा. तिथे त्याचं डावं आपल्या उजवीकडे येतं. हे आजोबांना झोपेतसुद्धा चुकत नाही, हजारो तोंडांत चुकलं नाही. पण ती तोंडं दुसऱ्यांची होती. स्वतःचा जबडा समोर आला तेव्हा ते त्याच्याकडे बघत बसले ते दाढी करताना बघावं तसे, आणि सुळा लावून मोकळे झाले आपल्या डाव्या हाताला. तो तोंडात गेला उजव्या बाजूला.

“माझं तोंड मला माहीत नाही?” आजोबांनी शेवटी विचारलं. लाज, मेण आणि महिनाअखेर, सगळंच त्या आवाजात होतं.

“तुम्ही त्या तोंडाच्या मागे होतात,” आजी म्हणाली. “समोर मी होते.”

आजोबांना हे मानायचं नव्हतं. पुरावा काय, म्हणाले. आजीने शेंगांची परडी बाजूला ठेवली, कवळी काढून द्यायला सांगितलं, ती पाण्यात ठेवली, आणि त्यांना खुर्चीत बसवून दिवा त्यांच्या तोंडावर वळवला. एकदम दवाखान्यासारखं.

हसा, म्हणाली. आजोबांना हुकमावर हसू येईना. ती म्हणाली हसा हो, ते म्हणाले कशाला. मग आजीने पदराला हात पुसले, मान ताठ केली, हनुवटी वर, ओठांचे कोपरे खाली, आणि न बघितलेल्या मुख्याध्यापिकाबाई अशा काही उभ्या केल्या की मीच सरळ बसले. काढा. टेबलावर ठेवा. हे काय आहे? हे माझं नशीब आहे.

आजोबा फसकन हसले, बोळक्याने, मनापासून. आणि त्याच क्षणी आजीने त्यांचा वरचा ओठ चिमटीत पकडला, डाव्या टोकाशी.

“हा का उचलला जातोय?”

खरंच, हसताना आजोबांचा ओठ डाव्या बाजूला जास्त वर जात होता. तिथे काहीच नव्हतं, नुसती हिरडी. दात जाऊन इतकी वर्षं झाली तरी ओठ अजून त्याला वाट करून देत होता. आजोबांनी बोट लावून पाहिलं. पुन्हा एकदा खोटं खोटं हसून पाहिलं. ओठ पुन्हा तिथेच उठला.

अगं, हो की, एवढंच म्हणाले, चिमटीतल्या ओठाने.

बाकीचं काम स्वयंपाकघरात झालं. गॅसवर सुरी तापवली, मेण सैल केलं, सुळा उजवीकडून उपटला आणि डावीकडे आणला. आजी खुर्ची ओढून समोर बसली आणि सांगत गेली. आजोबांचा हात सुळा लावायचा आणि आपोआप सरळ करायचा, जन्माची खोड. आजी बोटांवर चापट मारायची. अजून पुढे. अजून. शेजारच्याच्या अंगावर रेलू द्या त्याला. आजोबा कळवळून म्हणायचे, अगं, हे बरोबर दिसत नाही. ती म्हणायची, बरोबर कुठे होतं, ते तसंच होतं.

शेवटी त्यांनी कवळी पाण्यात गार केली, तोंडात घातली आणि आजीकडे बघितलं.

 आजी तडक भांडायलाच लागली, आपल्या माणसाशी भांडावं तशी. कुठल्यातरी फार जुन्या पावसाळ्यात आजोबांनी तिला न विचारता मेहुण्याला शिलाई मशीन देऊन टाकलं होतं, ते मशीन अजून परत का आलं नाही, इथून सुरुवात. आजोबा सगळं ऐकत होते. हसण्याची मनाई नव्हती, पण मेण अजून मऊ होतं, म्हणून नुसतेच डोळ्यांनी हसत होते.

सोमवारी, रातोरात कडक केलेल्या गुलाबी हिरडीत बसलेला तो सुळा घेऊन आजोबा काचेत बसले. चावीवाल्याने बघितलं, किल्ली घासायची थांबवली आणि उभं राहून कपाळाला हात लावून सलाम ठोकला. मुलांची नाकं काचेला आली. भाजीवालीने हात केला. रस्ता सगळा जागेवर आला.

मग धाकट्या डॉक्टर आल्या. त्या थांबल्या, वाकल्या, आणखी वाकल्या. पांढरा कोट, गोड आवाज.

“बघा ना काका. हा दात वाकडा बसलाय.”

वाकडाच आहे, आजोबा म्हणाले. त्यांचा ‘स’ परत आला होता, ‘त’ खणखणीत झाला होता, ऐकताना वाटावं कुणी धुळीचं कापड काढून घेतलंय. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. आधी दात नव्हते, ती एक अडचण. आता दात आहेत आणि वाकडे आहेत, ही मोठी अडचण. लोकांना वाटेल इथे दात वाकडेच बसवतात. आजोबा म्हणाले, हा मुद्दाम बसवलाय. ते बाहेरून दिसत नाही ना काका, मुद्दाम, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचंही काही खोटं नव्हतं. सरळ करून घ्या, दोन मिनिटांचं काम, नाहीतर मागची खोली.

आजोबा उठले. दिव्याची वायर काढली. चिमटे गोळा केले, मेणाचा डबा काखेत घेतला, लोखंडी जबडा मिटून हातात धरला. सरळ करणार नाही असं ते म्हणाले नाहीत, पण ते मागच्या खोलीकडे चालायला लागले. बाहेर चावीवाला बघत होता. त्याला शब्द ऐकू येत नव्हते, पण सामान दिसत होतं. तो खोक्यातून बाहेर आला. मुलंही काचेपासून हटेनात, शाळेची घंटा झाली तरी.

धाकट्या डॉक्टरांनी बाहेर बघितलं, आजोबांच्या पाठीकडे बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं. मग स्वतःच्या गळ्यात लोंबणारा मास्क त्यांच्या हाताला लागला.

काका, त्या म्हणाल्या, तुम्ही कवळ्या घासता तेव्हा केवढी भुकटी उडते. खरं तर तुम्ही मास्क लावूनच बसायला हवं.

 हे इतकं सोपं होतं की सगळ्यांनाच थोडी लाज वाटली. हाच मास्क महिन्याच्या सुरुवातीला कुणाला आठवला असता तर आजोबा त्याच्यामागे बोळक्याने, सुखाने, मरेपर्यंत बसले असते, आणि आजी मरेपर्यंत गाजरं उकडत राहिली असती.

आजोबांनी सामान पुन्हा मांडलं. मास्क चढवला. आता काचेत एक माणूस बसतो, त्याच्या तोंडात सगळे दात आहेत आणि त्यातला एकही कुणाला दिसत नाही. डॉक्टर समाधानी आहेत. मुलांनी मात्र दुसऱ्याच दिवशी शोध लावला. काचेवर टकटक केली की आजोबा आधी आतल्या दाराकडे बघतात, डॉक्टर गुंतलेल्या असल्या की बोटाने मास्क हनुवटीखाली ओढतात, सुळा दाखवतात, आणि मास्क पुन्हा वर. चावीवाला दिवसातून कितीदा टकटक करायला रस्ता ओलांडतो ते त्यालाच माहीत. म्हणतो, चहाला चाललो होतो, काय?

गुरुवारी आजी बाजारातून येताना तिथे थांबली. टकटक केली नाही, नुसती उभी राहिली, पिशवी हातात धरून. आजोबांनी मास्क खाली केला. ती काचेला अगदी लागून उभी राहिली, नीट निरखून बघितलं, आणि बोटाने हवेत दाखवलं, तिच्या उजव्या हाताला. आजोबांनी बोट वर केलं, त्यांच्या डाव्या हाताला. दोन्ही बोटं काचेच्या दोन बाजूंना एकाच जागी येऊन टेकली, आणि तरीही, लांबूनसुद्धा दिसत होतं, दोघंही काहीतरी बोलत होते आणि ते नक्कीच भांडण होतं.